‘क्ष’ घराणे : मन्सी नगरातील घराण्यांचा इतिहास व त्याचे लेखन

बीजगणितात अज्ञात राशीस ‘क्ष’ म्हणण्याचा प्रघात आहे. रॉबर्ट लिंड व हेलन लिंड ह्या दांपत्याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘मिडलटाउन इन ट्रान्झिशन’ ह्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण अशाच एका ‘क्ष’ घराण्यावर खर्ची पडले आहे. पण हा क्ष कोणासच अज्ञात नव्हता. इंडियाना राज्यातील मन्सी हे ते नगर, आणि बॉल हे ते घराणे. फळे व भाज्या टिकवून ठेवण्यासाठी अमेरिकन गृहिणी ज्या काचेच्या बरण्या वापरीत, त्या बरण्यांच्या काचेतच ह्या घराण्याचे नाव वळणदार अक्षरांत उमटविलेले असे. देशभरच्या स्वयंपाकघरांतील फळ्यांवर जे नाव मांडलेले होते, तेच त्या घराण्याच्या गावावरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथात मात्र गाळलेले आहे.

ही विसंगती केवळ गमतीची नव्हे. लहान अमेरिकन नगरांतील नामांकित घराण्यांचा इतिहास कसा लिहिला गेला, ह्या प्रश्नाचे मर्म तीत आहे. नावानिशी लिहिला की तो स्तुतिपाठ होतो; नाव वगळून लिहिला की तो समाजशास्त्रातील एक नमुना होतो. ह्या दोहोंच्या मध्ये खरा इतिहास कोठेतरी हरवतो. मन्सीची गोष्ट अशी की, तेथे दोन्ही प्रकारचे लेखन विपुल झाले आणि दोन्ही चांगल्यापैकी झाले. त्यामुळे दोहोंचे गुणदोष पारखण्यास हे नगर जितके सोयीचे, तितके दुसरे क्वचितच सापडेल.

प्रथम जुन्या ग्रंथांकडे वळावे. अमेरिकेतील काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील तालुक्यासारखा शासकीय विभाग. मन्सी हे डेलावेअर काउंटीचे मुख्य ठाणे. १८७६ हे अमेरिकन स्वातंत्र्याचे शताब्दीवर्ष. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात काँग्रेसने ठराव करून, प्रत्येक काउंटीने व नगराने आपापला इतिहास लिहवून घ्यावा, अशी शिफारस केली. ह्या शिफारशीमागे देशभक्ती होती. परंतु तिच्यात व्यापाराची संधीही आहे, हे शिकागो आणि इंडियानापोलिस येथील प्रकाशकांनी चटकन ओळखले. त्यांचे फिरते प्रतिनिधी काउंटी-काउंटीतून हिंडत, सधन शेतकरी, वकील, वैद्य व कारखानदार ह्यांच्याकडून आगाऊ वर्गणी गोळा करीत, आणि चरित्र व कोरीव चित्र छापावयाचे असल्यास त्याचा आकार निराळा घेत. अशा रीतीने वर्गणीदार हाच चरित्रनायक आणि चरित्रनायक हाच वाचक, असा मोठा सोयीचा त्रिवेणीसंगम होई. पुढील पिढीने ह्या ग्रंथांना ‘थोबाडांची पुस्तके’ अशा अर्थाचे हेटाळणीचे नाव दिले, ते अगदीच अन्यायाचे नव्हते.

डेलावेअर काउंटीचे असे तीन इतिहास महत्त्वाचे आहेत : टी. बी. हेल्म ह्यांचा १८८१ मधील, जी. डब्ल्यू. एच. केम्पर ह्यांचा १९०८ मधील, आणि फ्रँक हाइमबॉ ह्यांचा १९२४ मधील. (केम्पर ह्यांच्या नावातील पहिले अक्षर ‘जनरल’ ह्या शब्दाचे आहे. ते त्यांचे पाळण्यातले नाव असून सैन्यातील हुद्दा नव्हे. व्यवसायाने ते वैद्य होते. अनवधानी वाचकाने त्यांना सेनापती समजू नये, एवढ्यासाठी हा खुलासा.) तिन्ही ग्रंथांची मांडणी एकाच साच्याची. आधी भूमीचे वर्णन, मग मूळ रहिवासी, पहिले वसाहतकार, न्यायालये, चर्चे, शाळा, यादवी युद्धातील पराक्रम, आणि अखेरीस चरित्रे. चरित्रांचाही साचा ठरलेला : पूर्वज व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायो येथून आले, जंगल तोडून शेत केले, प्रामाणिकपणे कष्टले, नायक अमुक पंथाचा सभासद, अमुक पक्षाचा मतदार, विवाह, अपत्ये. कर्ज, दिवाळे, भाऊबंदकी, न्यायालयातील खटले ह्यांचा वासही येत नाही. पंचवीस-तीस चरित्रे सलग वाचल्यावर, ह्या काउंटीत आळशी मनुष्य एकही कसा जन्मला नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो.

तरीही हे ग्रंथ टाकाऊ ठरविणे ही अभ्यासकाची चूक होईल. मराठ्यांच्या इतिहासासाठी घराण्यांच्या कैफियती वाचणाऱ्यास हा प्रकार अपरिचित नाही. तेथेही घराणे आपली हकीकत आपणच सांगते, सांगण्यामागे काही हेतू असतो, आणि तो हेतू एकदा ध्यानात घेतला की हकीकत उपयोगी पडते. काउंटीच्या इतिहासांतील स्तुती बाजूस सारली तरी स्थलांतराच्या तारखा, जमिनीचे व्यवहार, आणि विशेषतः घराण्या-घराण्यांतील सोयरिकी शिल्लक राहतात. कोणत्या व्यापाऱ्याची कन्या कोणत्या वकिलास दिली, हे कळले म्हणजे गावातील पत कोणत्या वाटेने फिरत होती ते उमगू लागते.

ह्या ग्रंथांचा खरा दोष खोटे सांगण्यात नाही. आरंभ कोठून करावयाचा ह्या निवडीत आहे. मन्सी ज्या जमिनीवर वसले तिचा वृत्तान्त पाहावा. १८१८ साली सेंट मेरीज येथे झालेल्या तहांनी डेलावेअर लोकांनी इंडियानातील आपली भूमी सोडून देण्याचे मान्य केले. त्याच वेळी मायामी लोकांशी झालेल्या तहात, त्यांचा प्रख्यात नायक लिटल टर्टल ह्याची नात रिबेका हॅकली हिला व्हाइट नदीच्या काठचा एक तुकडा राखून देण्यात आला. हे सुमारे ६७२ एकर गोल्डस्मिथ गिल्बर्ट ह्या व्यापाऱ्याने १८२५ मध्ये ९६० डॉलरांस विकत घेतले. दोन वर्षांनी, १८२७ मध्ये, काउंटीची स्थापना झाली आणि तिचे ठाणे ह्याच जागेवर आले. हा व्यवहार काउंटीच्या इतिहासांत लपविलेला नाही. तो तेथे नमूद आहे. पण तो ‘मूळ रहिवासी’ ह्या प्रकरणात आहे, ‘घराणी’ ह्या भागात नाही. गावाच्या जमिनीचे पहिले कागदोपत्री घराणे एका मायामी आजोबाच्या नातीचे होते. इतिहासकारांच्या लेखी मात्र घराणे सुरू होते ते खरेदीदारापासून. मालकी हीच वंशाची पहिली पायरी, असा हा न उच्चारलेला सिद्धान्त आहे, आणि पुढील सारी चरित्रे त्यावर उभी आहेत.

हेल्म ह्यांच्या १८८१ च्या ग्रंथात बॉल हे नाव येणे शक्यच नव्हते. तेथील मोठी घराणी म्हणजे कर्बी, वायझर, अँथनी इत्यादी : जमीन, दुकान, गिरणी, वैद्यकी. आज त्यांतील कित्येकांची आठवण रस्त्यांच्या पाट्यांपुरती उरली आहे. १८८० मध्ये मन्सीची लोकसंख्या ५,२१९ होती. १८९० मध्ये ११,३४५ झाली आणि १९०० मध्ये २०,९४२. हा चमत्कार पुण्याईचा नव्हता; भूगर्भातून निघालेल्या वायूचा होता. काउंटीतील ईटन गावाजवळ १८७६ मध्ये कोळशासाठी भोक पाडताना वायूचा वास आला होता, पण त्याचे मोल कळून विहिरी खोदण्याची धांदल उडाली ती १८८६ मध्ये. त्यानंतर गावोगावी वायूच्या मशाली रात्रंदिवस जळत राहिल्या. हा अपव्यय इतका वाढला की अशा मशालींना आळा घालण्यासाठी राज्यास १८९१ मध्ये कायदा करावा लागला. विसाव्या शतकाची पहिली काही वर्षे सरतात न सरतात तोच वायू संपला.

ह्या अल्पजीवी सुबत्तेच्या काळात बॉल बंधू मन्सीस आले. ल्यूशस, विल्यम, एडमंड, फ्रँक व जॉर्ज हे पाच भाऊ. बॅप्टिस्ट धर्मोपदेशक असलेल्या चुलत्याने दिलेल्या २०० डॉलरांच्या कर्जावर १८८० मध्ये त्यांनी न्यूयॉर्क राज्यातील बफलो येथे धंदा आरंभिला. लाकडी आवरणाचे, रॉकेल ठेवण्याचे पत्र्याचे डबे हा पहिला माल. बरण्या मागाहून आल्या. फिरकीच्या झाकणाच्या बरणीचे जॉन मेसन ह्यांचे १८५८ चे एकस्व १८७९ मध्ये संपले होते, त्यामुळे ती बरणी करण्यास कोणासही मोकळीक होती. १८८६ मध्ये बफलोचा कारखाना आगीत सापडला. फ्रँक बॉल ओहायोतील वायूची गावे पाहून मन्सीस आले आणि १८८७ मध्ये सौदा ठरला : गावाने ५,००० डॉलर रोख, सात एकर जमीन आणि फुकट वायू द्यावा, बंधूंनी कारखाना काढावा.

घराण्याच्या परंपरेत ही कथा काटकसर, बंधुप्रेम आणि आईने दिलेला एकोप्याचा उपदेश ह्यांच्या आधारे सांगितली जाते. त्यात असत्य काही नाही. परंतु चुलत्याचे कर्ज, संपलेले एकस्व, गावाची देणगी आणि फुकटचे इंधन ही चार कारणेही तितकीच सत्य आहेत, आणि त्यांतील एकही बंधूंच्या कर्तृत्वाची निष्पत्ती नाही. उलट बाजूही नोंदविली पाहिजे. हाच वायू व अशाच देणग्या घेऊन त्या पट्ट्यात अनेक कारखाने आले आणि वायू सरताच नाहीसे झाले. बॉल बंधू टिकले, कारण इंधन संपण्यापूर्वीच त्यांनी काच फुंकण्याचे काम यंत्राकडे नेण्यास आरंभ केला होता. ह्यात दूरदृष्टी होती. आणि काच फुंकणाऱ्या कुशल कारागिरांच्या एका पिढीची रोजी त्यात गेली, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे. स्तुतिपर चरित्रात पहिला अर्धा भाग येतो. दुसरा येण्यासाठी समाजशास्त्रज्ञांची वाट पाहावी लागली.

ते समाजशास्त्रज्ञ १९२४ मध्ये मन्सीस आले. लिंड दांपत्याचा ‘मिडलटाउन’ हा ग्रंथ १९२९ मध्ये निघाला, आणि आधुनिक अमेरिकन नगराचा अभ्यास मानवशास्त्राच्या पद्धतीने कसा करावा, ह्याचा तो आदर्श मानला गेला. रॉबर्ट लिंड स्वतः इंडियानाचेच, न्यू ऑल्बनी येथे जन्मलेले. उपजीविका, गृहजीवन, मुलांचे शिक्षण, विरंगुळा, धर्माचार आणि सार्वजनिक कार्य अशा सहा अंगांनी त्यांनी नगराचे जीवन तपासले आणि १८९० व १९२४ ह्या दोन टोकांची तुलना केली. काचकारखान्यात माणसाची फुंकणी जाऊन यंत्र आल्याने कामाचे स्वरूप कसे पालटले, ह्याचे त्यातील विवेचन आजही वाचनीय आहे. पण सहा अंगांच्या ह्या चौकटीत घराण्यास जागा नाही. श्रमिक वर्ग आणि व्यवसायी वर्ग अशी समाजाची दोन दले तेथे आहेत. त्या दुसऱ्या दलात एकच कुटुंब इतरांहून कितीतरी उंच उभे आहे, हे ग्रंथ वाचून जवळजवळ कळत नाही. आणि हे अशा नगरात, जेथे बॉल बंधूंनी बंद पडलेली अध्यापनशाळा १९१७ मध्ये लिलावात ३५,१०० डॉलरांस घेऊन पुढील वर्षी राज्याच्या स्वाधीन केली होती, आणि १९२२ पासून त्या संस्थेस त्यांचे नावही लागले होते. डोळ्यांसमोर असलेली वस्तू पद्धतीच्या चौकटीबाहेर पडली की दिसत नाही, ह्याचे इतके ठळक उदाहरण विरळा.

ही उणीव लिंड ह्यांना पुढे जाणवली. मंदीच्या काळात, १९३५ मध्ये, काही साहाय्यकांसह रॉबर्ट लिंड पुन्हा मन्सीस गेले, आणि त्या पाहणीतून दुसरा ग्रंथ निघाला. त्यातील ‘क्ष’ प्रकरण हे कोणत्याही लहान अमेरिकन नगरातील एका घराण्यावर लिहिलेले बहुधा सर्वोत्तम लेखन आहे. त्याचे बळ प्रश्नाच्या रूपात आहे. घराणे थोर की क्षुद्र, हा प्रश्न लिंड टाकतच नाहीत. ते एकेक दार उघडून पाहतात : पतपेढी कोणाच्या हाती, वकील कोणाचे काम करतात, कर्ज हवे असल्यास कोणाकडे जावे लागते, मोठे दुकान कोणाचे, रुग्णालय कोणी बांधले, महाविद्यालयामुळे कोणत्या बाजूची जमीन महागली, तरुणांच्या ख्रिस्ती संघटनांच्या इमारती कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या, रिपब्लिकन पक्षात कोणाचा शब्द चालतो. प्रत्येक दारामागे तेच घराणे सापडते. तथापि लिंड कटकारस्थानाचा आरोप करीत नाहीत, हे विशेष. घराण्याची माणसे साधी, कष्टाळू, नगराचे भले इच्छिणारी आहेत, हे ते मान्य करतात; आणि सत्ता अशी न मागता, जवळजवळ न कळत एका ठिकाणी साचत जाते, हेच त्यांना दाखवावयाचे आहे. देणगी आणि नियंत्रण ह्या दोन वस्तू एकाच हाताने दिल्या जातात, ही त्यांची दृष्टी काउंटीच्या इतिहासकारांना स्वप्नातही सुचली नसती.

असे असूनही प्रकरण संपविल्यावर एक अतृप्ती राहते, आणि तिचे मूळ त्या ‘क्ष’ अक्षरातच आहे. नाव गाळल्याबरोबर तारखा सैल होतात. कर्ज देणारा चुलता, बफलोची आग, १८८७ चा सौदा ह्यांचे वजन घटते; ती एका घराण्याची हकीकत न राहता भांडवलशाहीतील नियंत्रणाचा एक ‘नमुना’ बनते. नमुन्यास अपघात नसतात. लिंड ह्यांना हेच हवे होते, असे उत्तर कोणी देईल, आणि ते बरोबरही आहे. माहिती देणाऱ्यांचा संकोच राखण्यासाठी टोपणनाव आवश्यक होते, हाही युक्तिवाद वरवर सबळ आहे. परंतु मन्सीतील प्रत्येक वाचकास क्ष कोण हे ठाऊक होते, आणि १९३७ च्या मे महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने मार्गारेट बर्क-व्हाइट ह्यांची छायाचित्रे छापून उरलेल्या देशासही मिडलटाउन म्हणजे मन्सी हे दाखविले. मग टोपणनावाने नेमके कोणाचे रक्षण झाले? घराण्याचे नव्हे, बहुधा सिद्धान्ताचे झाले. नावगाव असलेल्या माणसांविषयीचे विधान कागदपत्रांनी खोडता येते. ‘क्ष’विषयीचे विधान खोडण्यास पुरावा कोठून आणावा?

पुढील घटनांनी हे दाखवून दिले. घराण्याच्या तरुण पिढीच्या घोडेस्वारीत व राहणीत लिंड ह्यांना एका वरच्या, स्वतःच्या वेगळेपणाची जाणीव असलेल्या वर्गाचा उदय दिसला. नमुन्याच्या तर्काने पकड अधिकाधिक घट्ट व्हावयास हवी होती. प्रत्यक्षात १९६२ मध्ये मन्सीतील काचभट्टी थंडावली. १९७२ मध्ये कंपनीचे भाग जनतेस खुले झाले. १९९३ मध्ये बरण्यांचा धंदा मूळ कंपनीपासून अलग करण्यात आला. आणि १९९८ मध्ये मुख्य कचेरीच कोलोरॅडो राज्यात गेली. नगर सोडून गेले ते भांडवल. मागे राहिल्या त्या देणग्या : विद्यापीठ, रुग्णालय, प्रतिष्ठाने, नदीकाठच्या बंगल्यांच्या जागेवरील संस्कृतिकेंद्र. घराण्याची सत्ता धंद्यातून निघून संस्थांत जाऊन बसते, हा मन्सीच्या इतिहासातील बहुधा सर्वांत बोधप्रद भाग होय, आणि तो नावे व तारखा लावून वाचल्याखेरीज हाती लागत नाही.

१९३७ हे वर्ष ह्या दृष्टीने विलक्षण आहे. ज्या वर्षी ‘क्ष’ प्रकरण छापून निघाले, त्याच वर्षी फ्रँक बॉल ह्यांनी आपल्या आठवणी खाजगी रीतीने छापविल्या. त्याच वर्षी जॉर्ज बॉल ह्यांनी पत्नीसह आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापिले. ह्याच जॉर्ज बॉल ह्यांनी दोनच वर्षांपूर्वी व्हॅन स्वेरिंजेन बंधूंचे कोसळलेले रेल्वेसाम्राज्य लिलावात सुमारे तीस लाख डॉलरांस हस्तगत केले होते, आणि त्या साम्राज्याचे नियंत्रण ह्या वर्षी रॉबर्ट यंग व त्यांच्या सहकाऱ्यांकडे गेले. आणि ह्याच वर्षी महाविद्यालयाच्या आवारात, मन्सीच्या नागरिकांच्या वर्गणीतून, ‘बेनिफिसन्स’ हा ब्राँझचा पुतळा उभा राहिला : शिल्पकार डॅनियल चेस्टर फ्रेंच, पंख असलेली एक स्त्रीमूर्ती, आणि तिच्यामागे पाच बंधूंचे पाच स्तंभ. समाजशास्त्रज्ञाचा ग्रंथ, घराण्याचे आत्मकथन आणि नगराची कृतज्ञता हे तिन्ही दस्तऐवज एकाच वर्षाचे आहेत. मंदीने पिचलेल्या नगराने वर्गणी काढून हा पुतळा उभारावा, ह्याचा अर्थ केवळ दडपण असा लावणे उथळपणाचे होईल, आणि केवळ प्रेम असा लावणे भाबडेपणाचे. स्तंभ पाचच का, हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे. बंधूंना बहिणीही होत्या. त्यांपैकी ल्यूसिना हिचे नाव महाविद्यालयातील स्त्रियांच्या वसतिगृहास दिले गेले, पण स्तंभांत तिची गणना नाही.

नगरात दुसराही एक ब्राँझचा पुतळा आहे : घोड्यावर बसून दोन्ही हात पसरलेला आदिवासी योद्धा, सायरस डॅलिन ह्यांच्या प्रसिद्ध शिल्पाची प्रतिकृती. ‘मन्सी सरदार’ म्हणून लोक त्यास ओळखतात. असा कोणी सरदार कधी होऊन गेला नाही. नगराचे नाव डेलावेअर लोकांच्या मन्सी नामक शाखेवरून पडले आहे. पुतळा १९२९ साली एडमंड बॉल ह्यांच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबाने उभारला.

घराण्यास नावाऐवजी अक्षर देण्यापेक्षा गंभीर असा एक लोप लिंड ह्यांच्या पहिल्या ग्रंथात आहे. तुलना सोपी व्हावी म्हणून त्यांनी मुद्दाम ‘एकजिनसी’ नगर निवडले आणि तेथील कृष्णवर्णीय लोकांस अभ्यासातून वगळले. वस्तुतः १९२० च्या सुमारास मन्सीतील त्यांचे प्रमाण शेकडा पाचांहून अधिक होते, म्हणजे त्या वेळच्या शिकागो, न्यूयॉर्क वा डिट्रॉइट ह्यांच्या प्रमाणाहूनही जास्त. त्या वर्षांत क्लू क्लक्स क्लॅनचा जोर नगरात भरात होता, त्याचे वर्णन ग्रंथात आहे. ज्यांच्याविरुद्ध तो जोर होता ते लोक मात्र ग्रंथात नाहीत. काउंटीच्या इतिहासांत वर्गणी परवडत नव्हती म्हणून जी कुटुंबे आली नाहीत, तीच ह्या शास्त्रीय ग्रंथात शास्त्राच्या सोयीसाठी आली नाहीत. दोन भिन्न वाटांनी एकच रिकामी जागा उरावी, हा योगायोग नाही.

ती जागा भरण्याचे श्रेय विद्यापीठीय पंडितांकडे प्रथम जात नाही. हर्ली गुडॉल हे मन्सीच्या अग्निशामक दलातील कर्मचारी, पुढे राज्याच्या विधिमंडळाचे सभासद. त्यांनी वर्षानुवर्षे कात्रणे, छायाचित्रे, चर्चची दप्तरे आणि वृद्धांच्या आठवणी जमविल्या, आणि जे. पॉल मिचेल ह्यांच्यासह १९७६ मध्ये मन्सीतील कृष्णवर्णीयांचा इतिहास प्रसिद्ध केला. २००४ मध्ये त्यांच्याच सहकार्याने, ल्यूक एरिक लॅसिटर प्रभृतींच्या संपादनाखाली, विद्यार्थ्यांनी व रहिवाशांनी मिळून तयार केलेला ‘दि अदर साइड ऑफ मिडलटाउन’ हा ग्रंथ निघाला. ह्या ग्रंथाची बैठक लिंड ह्यांच्या उलट आहे : येथे माणसे स्वतःच्या नावाने बोलतात, आणि आपल्याविषयी जे लिहिले ते छापण्यापूर्वी वाचतात. ह्या पद्धतीत कडू प्रसंग बोथट होण्याचा धोका आहे, आणि काही ठिकाणी तो जाणवतोही. पण व्हाइटली व इंडस्ट्री ह्या वस्त्यांतील कुटुंबांस घराणे म्हणून, पिढ्या व नाती असलेली माणसे म्हणून, मन्सीच्या लिखित इतिहासात जागा मिळाली ती ह्याच लेखनाने.

हे सारे संशोधन आज ज्या संस्थेच्या आश्रयाने चालते ती बॉल स्टेट युनिव्हर्सिटी होय. १९६५ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्याचे मीठ खावे त्याचाच इतिहास लिहावा, अशी ही अवघड स्थिती आहे. तिच्यामुळे संशोधन आपोआप दूषित होते असे म्हणण्यास आधार नाही. लॅसिटर-गुडॉल ह्यांचा ग्रंथ तेथल्याच अध्यापकांच्या व विद्यार्थ्यांच्या हातून झाला. परंतु कोणती दप्तरे जपली गेली आणि कोणती रद्दीत गेली, हे ठरविण्यात देणगीदाराचा भार नकळत पडतो. श्रीमंतांच्या घरात कागद ठेवण्यास खोल्या असतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्याचे पत्र एका बिऱ्हाडाहून दुसऱ्या बिऱ्हाडास जाताना हरवते.

म्हणूनच २००३ मध्ये फ्रँक फेल्सेनस्टाइन ह्यांना मन्सीच्या सार्वजनिक ग्रंथालयात सापडलेल्या वह्यांचे महत्त्व मोठे आहे. १८९१ पासून १९०२ पर्यंत, मधला काही काळ वगळता, कोणी कोणते पुस्तक कोणत्या दिवशी नेले ह्याच्या सुमारे एक लाख पंचाहत्तर हजार नोंदी त्यांत आहेत. जनगणनेच्या कागदांशी त्या जुळवून फेल्सेनस्टाइन व जेम्स कॉनली ह्यांनी २०१५ मध्ये ‘व्हॉट मिडलटाउन रेड’ हा ग्रंथ सिद्ध केला. ह्या वह्यांत स्तुती नाही, सिद्धान्त नाही, वर्गणीही नाही. कारखानदाराचा मुलगा आणि कामगाराची मुलगी एकाच पानावर, एकाखाली एक, येतात. ज्या लेखकाची पुस्तके सर्वांत अधिक गेली तो होरेशियो अल्जर. गरीब पण प्रामाणिक मुलगा कष्टाने, आणि बहुधा एखाद्या सधन गृहस्थाच्या कृपेने, वर येतो ही त्याची नेहमीची गोष्ट. काउंटीच्या इतिहासांतील चरित्रांचा साचा हाच. केम्पर ह्यांच्या ग्रंथातील चरित्रनायक आपली हकीकत अशा वळणाने का सांगत होते, ह्याचे एक कारण त्यांच्या मुलांनी घरी नेलेल्या पुस्तकांत दिसते. १९०८ ची चरित्रे आणि १८९० नंतरच्या ह्या नोंदी शेजारी ठेवून घराण्या-घराण्यांनी वाचल्या, तर ‘नामांकित’ ह्या विशेषणाचा मन्सीपुरता अर्थ कसा घडत गेला हे त्याच नगराच्या कागदपत्रांतून, कोणासही ‘क्ष’ न म्हणता, दाखविता येईल.